मित्रांमध्ये प्रश्नमंजूषेची बैठक कशी भरवावी: नाशिकमधील नवोदितांसाठी

ज्या मित्रमंडळींना महिन्यातून एक-दोनदा जमून एकमेकांना प्रश्न विचारायचे आहेत, आणि त्यासाठी कोणा एका सूत्रसंचालकावर अवलंबून न राहता प्रत्येकाने आपापले प्रश्न आणावेत अशी ज्यांची इच्छा आहे, त्यांच्यासाठी हा लेख लिहिला आहे. विषय तीनच धरले आहेत: दूरचित्रवाणी, प्राणी आणि पबमध्ये किंवा क्लबात खेळले जाणारे खेळ. टीव्ही सर्वांनी पाहिलेला असतो. प्राण्यांविषयी आपल्याला बरेच कळते असे प्रत्येकाला वाटते. डार्ट्स (फळ्यावर छोटे बाण फेकण्याचा खेळ), स्नूकर (टेबलावर काठीने रंगीत चेंडू खिशांत ढकलण्याचा खेळ) किंवा डॉमिनो (दोन-दोन आकडे असलेल्या सोंगट्यांचा खेळ) हे खेळ मात्र बहुतेकांनी दुरून पाहिलेले असतात आणि त्यांचे नियम फारच थोड्यांनी वाचलेले असतात. म्हणून या तीन विषयांत कोणा एकाचेच पारडे सारखे जड राहत नाही, आणि नव्या गटाला हे फार उपयोगी पडते.

प्रश्न शोधताना, लिहिताना आणि विचारताना एक कसोटी कायम समोर ठेवावी. ऐकणाऱ्याला उत्तर पाठ नसले तरी विचार करत करत त्याच्या जवळ जाता आले पाहिजे. पुढील सर्व पायऱ्या या एका कसोटीतूनच निघाल्या आहेत.

पहिली पायरी: माणसे, जागा आणि वेळ

सहा जण ही उत्तम संख्या आहे. चारांपेक्षा कमी असतील तर चुरस राहत नाही आणि आठांपेक्षा जास्त झाले तर आपली पाळी येईपर्यंत माणसे मोबाइलमध्ये शिरतात. वयाची सरमिसळ मात्र आवर्जून करावी. ज्या घरी बैठक असेल तिथले काका-काकू किंवा आजी-आजोबा बसायला तयार असतील तर त्यांना केवळ प्रेक्षक करू नये, पूर्ण खेळाडू म्हणून घ्यावे, कारण मुंबई दूरदर्शनच्या पहिल्या वर्षांविषयी त्यांच्याइतके खात्रीने बोलणारे गटात दुसरे कोणी नसते.

प्रश्नमंजूषेची संध्याकाळ ब्रिटनमधील पबमध्ये १९७० च्या दशकात रूढ झाली. ज्या आडवारी गिऱ्हाईक कमी असे त्या दिवशी लोकांनी यावे, हा मालकांचा त्यामागचा व्यावहारिक हेतू होता. आपल्याकडे आडवार निवडण्याचे कारण वेगळे आहे. कॉलेज रोड आणि गंगापूर रोडवरील कॅफे शनिवार-रविवारी भरलेले असतात, रविवारी सकाळी मिसळीच्या ठिकाणी बसायला जागा मिळणेच कठीण होते, आणि जिथे संगीत मोठ्याने लावलेले असते तिथे प्रश्न दोनदा सांगावा लागतो. मंगळवार किंवा बुधवारची संध्याकाळ, एखाद्याच्या घराची गच्ची आणि चहाचा थर्मास एवढे नव्या गटाला पुरेसे आहे. गट मुरल्यावर बाहेरची जागा बघावी.

दुसरी पायरी: देवाणघेवाणीची पद्धत

प्रत्येकाने सहा प्रश्न आणावेत, प्रत्येक विषयाचे दोन. सहा जण असतील तर छत्तीस प्रश्न होतात, आणि एका प्रश्नाला चर्चेसह तीन मिनिटे धरली तर सुमारे पावणेदोन तासांत बैठक संपते. पाळीपाळीने एकाने एकच प्रश्न विचारावा. एकाच माणसाने आपले सहाही प्रश्न सलग विचारले की त्याचा वर्ग होतो आणि बाकीचे विद्यार्थी होतात, हे टाळावे.

उत्तरे तोंडी घेऊ नयेत. प्रत्येकाच्या हाती चिठ्ठ्या आणि पेन असावे, प्रश्न दोनदा वाचावा, तीस सेकंद द्यावेत आणि मग सर्वांनी चिठ्ठ्या एकदम उघडाव्यात. तोंडी उत्तरांत जो सर्वांत चपळ असतो तोच जिंकतो आणि लाजाळू माणसाला येत असलेले उत्तरही कधी उजेडात येत नाही. मोबाइल टेबलाच्या मध्यभागी पालथे ठेवावेत.

गुण देण्याची एक पद्धत मी आग्रहाने सुचवतो. बरोबर उत्तराला एक गुण असतोच, पण प्रश्न विचारणाऱ्यालाही गुण मिळाले पाहिजेत, आणि तेही एका अटीवर: ऐकणाऱ्यांपैकी किमान एकाचे उत्तर बरोबर असावे आणि किमान एकाचे चुकलेले असावे. तसे झाले तर विचारणाऱ्याला दोन गुण, आणि सर्वांचे बरोबर किंवा सर्वांचेच चूक आले तर शून्य. या एका नियमाने गटाची सवय बदलते. कोणालाच येणार नाही असा आडवाटेचा प्रश्न आणून फुशारकी मारणे परवडत नाही, आणि शाळेच्या पुस्तकातला पहिल्या पानावरचा प्रश्नही चालत नाही. समोर बसलेल्या या पाच माणसांना काय माहीत असेल आणि काय नसेल, याचा विचार प्रत्येकाला घरी बसून करावा लागतो.

तिसरी पायरी: प्रश्न लिहिणे

नवोदितांचा सर्वांत जास्त वेळ या पायरीवर गेला पाहिजे. प्रश्न तोंडातोंडी तयार करू नये. तो पूर्ण वाक्यात लिहून काढावा, खाली उत्तर लिहावे आणि त्याखाली ते उत्तर कुठे सापडले ते लिहावे. प्रश्न लिहिला की त्याची पहिली परीक्षा ही, की त्याला एकच उत्तर आहे का.

"जगातील सर्वांत वेगवान प्राणी कोणता?" हा प्रश्न घ्या. बहुतेक जण चित्ता लिहितील. एखादी पक्षीमित्र बहिरी ससाणा लिहील, आणि तिचे म्हणणे अधिक बरोबर असेल, कारण सूर मारताना बहिरी ससाण्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो आणि जमिनीवरचा कोणताही प्राणी त्याच्या जवळपास येत नाही. दोष ऐकणाऱ्यांचा नसून प्रश्नाचा आहे. "जमिनीवर धावणाऱ्या प्राण्यांत" एवढे तीन शब्द घातले की वाद मिटतो. याच प्रकारे "सर्वांत उंच पक्षी" याचे उत्तर शहामृग आणि "उडू शकणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच" याचे उत्तर सारस क्रौंच. "सर्वांत", "पहिला", "एकमेव" हे शब्द प्रश्नात आले की थांबून कशांपैकी, कुठला आणि कोणत्या अर्थाने, हे स्वतःला विचारावे.

दुसरी परीक्षा उत्तराच्या वाटेची. "मुंबई दूरदर्शन केंद्र कधी सुरू झाले?" असे विचारले तर ज्याला २ ऑक्टोबर १९७२ ही तारीख पाठ आहे तोच उत्तर देईल, बाकीचे नुसते अंदाज बांधतील. त्याऐवजी असे लिहून बघावे: "मुंबई दूरदर्शन केंद्र १९७२ मध्ये एका राष्ट्रीय सुट्टीच्या दिवशी सुरू झाले, आणि सोळा वर्षांनी त्याच तारखेला बी. आर. चोप्रांच्या 'महाभारत' मालिकेचा पहिला भाग दाखवला गेला. ती तारीख कोणती?" आता राष्ट्रीय सुट्ट्या तीनच असल्यामुळे ज्याला काहीच माहीत नाही तोही २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर यांतून निवड करू शकतो, आणि 'महाभारत' पाहिलेल्या माणसाला आठवणीचा आधार मिळतो. माहिती तीच असली तरी प्रश्न आता सर्वांसाठी खुला झाला.

लांबी मात्र आवरावी. प्रश्न दोन वाक्यांत बसत नसेल तर त्यात दोन प्रश्न लपलेले आहेत असे समजून ते वेगळे करावेत.

चौथी पायरी: तीनही विषयांत प्रश्न कुठे आणि कसे सापडतात

दूरचित्रवाणीच्या प्रश्नांत नव्या माणसाचा कल पात्रांची नावे विचारण्याकडे असतो. अशा प्रश्नांना मर्यादा आहे, कारण ज्याने ती मालिका पाहिली नाही त्याच्यासाठी काहीच वाट उरत नाही. टीव्ही या माध्यमाच्या इतिहासात मात्र सर्वांना शिरता येते. जॉन लोगी बेअर्ड यांनी लंडनमध्ये दूरचित्रवाणीचे प्रात्यक्षिक २६ जानेवारी १९२६ रोजी दाखवले. भारतीय वाचकाला ही तारीख लगेच ओळखीची वाटते आणि त्यातूनच प्रश्न तयार होतो. दिल्लीतील प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाले आणि रंगीत प्रक्षेपणासाठी १९८२ साल उजाडावे लागले, ज्या वर्षी दिल्लीत आशियाई खेळ झाले. "भारतात टीव्ही रंगीत झाला तेव्हा त्याच वर्षी दिल्लीत कोणती मोठी क्रीडास्पर्धा होती?" असा उलटा प्रश्नही चांगला चालतो.

प्रश्नमंजूषेच्या कार्यक्रमांवरच प्रश्न विचारणे मला विशेष आवडते, कारण बैठकीतल्या माणसांना त्या विषयाचा जिव्हाळा असतो. 'कौन बनेगा करोडपती' ३ जुलै २००० रोजी सुरू झाला आणि तो १९९८ मध्ये सुरू झालेल्या ब्रिटिश कार्यक्रमावर आधारलेला आहे. 'कौन बनेगा करोडपती'मागे असलेले सिद्धार्थ बसू हे १९८५ मध्ये दूरदर्शनवरील 'क्विझ टाइम'चे सूत्रसंचालक होते. "'कौन बनेगा करोडपती'च्या एकाच पर्वाचे सूत्रसंचालन अमिताभ बच्चन यांनी केले नाही, ते कोणी केले?" हा प्रश्न आमच्या पिढीला सोपा आणि विशीतल्या मुलांना अवघड जातो. उत्तर शाहरुख खान, २००७ चे तिसरे पर्व. गटात वयाची सरमिसळ का हवी, हे अशा प्रश्नांतून दिसते. वडीलधाऱ्यांसाठी 'चिमणराव गुंड्याभाऊ' मालिकेतला चिमणराव कोणी साकारला (दिलीप प्रभावळकर) किंवा 'महाभारत'मध्ये सूत्रधार असलेल्या 'समय'चा आवाज कोणाचा (हरीश भिमानी), असे प्रश्न राखून ठेवावेत.

तारखांच्या बाबतीत पुनःप्रक्षेपणाची काळजी घ्यावी. 'रामायण' मालिका २५ जानेवारी १९८७ रोजी सुरू झाली, पण २०२० च्या टाळेबंदीत ती पुन्हा दाखवली गेली आणि अनेक मुलांनी ती तेव्हाच प्रथम पाहिली. प्रश्नात "मूळ प्रक्षेपण" हे शब्द हवेतच.

प्राण्यांच्या विषयात नाशिककरांना घराजवळच खजिना आहे. निफाड तालुक्यातील नांदूरमध्यमेश्वर, जिथे गोदावरीला कादवा मिळते, हे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची म्हणून मान्य झालेली पाणथळ जागा आहे. हिवाळ्यात तिथे एक सकाळ काढली, सोबत पक्ष्यांची एक चांगली पुस्तिका ठेवली आणि जे दिसले ते टिपून ठेवले, तर दोन बैठकांचे प्रश्न तयार होतात. शिवाय स्वतः पाहिलेल्या पक्ष्यावरचा प्रश्न सांगताना माणसाच्या आवाजात जो विश्वास असतो तो पुस्तकातून उचललेल्या प्रश्नाला येत नाही. राज्याच्या मानचिन्हांवरचे प्रश्नही पहिल्या काही बैठकांना चांगले असतात. राज्यप्राणी शेकरू अनेकांना माहीत असतो, राज्यपक्षी हरियाल थोड्यांना आणि राज्य फुलपाखरू नीलवंत त्याहून थोड्यांना, त्यामुळे आपल्या गटाच्या तयारीनुसार पायरी निवडता येते.

नाशिक परिसरात उसाच्या पट्ट्यात बिबट्या हा बातमीतला आणि शेतातलाही प्राणी आहे, म्हणून त्याच्यावर प्रश्न येणार हे नक्की. तेव्हा बिबट्या आणि चित्ता यांतला फरक प्रत्येकाला ठाऊक असावा. बिबट्याच्या अंगावर पाकळ्यांच्या वर्तुळासारखे, मध्ये पोकळ ठिपके असतात. चित्त्याचे ठिपके भरीव असतात आणि डोळ्यांपासून तोंडापर्यंत दोन काळ्या रेषा उतरतात. भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे १९५२ मध्ये जाहीर झाले आणि १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आणलेले आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनो येथे सोडण्यात आले. "सत्तर वर्षांनी भारतात परतलेला प्राणी कोणता?" एवढ्याच शब्दांत हा प्रश्न होतो आणि त्याला वाटही आहे.

शरीररचनेवरचे प्रश्न तर्काला खाद्य देतात. जिराफाच्या मानेत मणके किती? सात, म्हणजे माणसाइतकेच. इथे चुकीचे उत्तर देणाराही उत्तर ऐकून आनंदतो. ऑक्टोपसला हृदये किती, तर तीन. स्वतःच्या बळावर खऱ्या अर्थाने उडू शकणारा सस्तन प्राणी कोणता, तर वटवाघूळ. इथे उडणारी खार लिहिणारे हमखास निघतात आणि ती उडत नसून तरंगत उतरते, हे समजावून सांगण्याची संधी मिळते.

पबमधल्या खेळांविषयी नवोदितांना सर्वांत जास्त धास्ती वाटते, आणि माझ्या मते हाच विषय सर्वांत न्याय्य आहे, कारण इथे बरीच उत्तरे जागेवर काढता येतात. डॉमिनोच्या नेहमीच्या संचात सोंगट्या किती? शून्य ते सहा असे सात आकडे आहेत, प्रत्येकाची जोडी स्वतःशी आणि बाकी प्रत्येकाशी एकेकदाच. सात जोड्या स्वतःशी, एकवीस इतरांशी, एकूण २८. ज्याने डॉमिनो कधी हातात घेतलेला नाही तोही तीस सेकंदांत हे मांडू शकतो.

डार्ट्समध्ये एका बाणाने जास्तीत जास्त गुण कुठे मिळतात, असे विचारले की बहुतेक चिठ्ठ्यांवर "मधोमध" असे येते. मधल्या लाल वर्तुळाचे ५० असतात, पण विसाच्या पट्ट्यातल्या अरुंद तिप्पट कड्यात बाण बसला तर ६०. म्हणूनच तीन बाणांचे सर्वाधिक गुण १८० होतात. विसाच्या दोन्ही बाजूंना १ आणि ५ हे छोटे आकडे ठेवले आहेत, म्हणजे मोठ्या गुणांच्या मोहापायी नेम जरा चुकला की शिक्षा मिळते. एवढ्या एका फळ्यातून तीन-चार प्रश्न सहज निघतात.

स्नूकरचे गणितही तसेच सुंदर आहे. पंधरा लाल चेंडूंचा प्रत्येकी एक गुण, प्रत्येक लाल चेंडूनंतर काळा घेतला तर त्याचे सात, म्हणजे पंधरा गुणिले आठ, एकशे वीस; शेवटी सहा रंगीत चेंडूंचे दोनपासून सातपर्यंत मिळून सत्तावीस. नेहमीच्या डावात एका सलग खेळीत मिळणारी ही सर्वाधिक बेरीज १४७. प्रश्नातच चेंडूंचे गुण सांगून टाकावेत आणि बेरीज विचारावी. या खेळाचा जन्म १८७५ च्या सुमारास जबलपूरमध्ये ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये झाला असे मानले जाते आणि त्याचे श्रेय नेव्हिल चेंबरलेन या अधिकाऱ्याला दिले जाते. हे नाव ऐकून कोणी ब्रिटनचे पंतप्रधान असे म्हणेल. पण पंतप्रधान झालेले चेंबरलेन १८६९ मध्ये जन्मले, १८७५ मध्ये ते शाळकरी वयाचे होते. बिलियर्ड्समध्ये १९५८ साली जागतिक हौशी विजेतेपद मिळवणारे विल्सन जोन्स मूळचे पुण्याचे, हेही महाराष्ट्रातल्या बैठकीत विचारण्याजोगे आहे.

कॅरमचा समावेश याच विषयात करावा, कारण आपल्याकडे क्लब आणि कट्टा म्हटले की कॅरम आलाच. पण इथे एक धोका आहे. राणीचे गुण किती, या प्रश्नाला अनेक घरांत ५० असे उत्तर मिळेल, पांढऱ्या सोंगटीचे वीस आणि काळीचे दहा या हिशेबाने. स्पर्धेच्या नियमांत मात्र डाव २५ गुणांचा असतो आणि राणीचे तीन गुण धरतात. प्रश्नात "स्पर्धेच्या नियमांनुसार" किंवा "घरगुती पद्धतीने" असे स्पष्ट लिहावे, नाहीतर बैठक तिथेच अडकते.

पाचवी पायरी: पडताळणी

प्रत्येक उत्तर परस्परांशी संबंध नसलेल्या दोन ठिकाणी तपासावे. दहा संकेतस्थळांवर एकच वाक्य दिसले तर ते दहा पुरावे नसतात. बहुधा एकाचे नऊ जणांनी उतरवलेले असते. याचे सर्वांत बोलके उदाहरण टीव्हीच्याच जगातले आहे. फ्रेड वर्थ या अमेरिकी लेखकाने आपल्या सामान्यज्ञानाच्या कोशात, कोणी नक्कल केली तर पकडता यावे म्हणून, कोलंबो या टीव्हीवरील गुप्तहेराचे पहिले नाव फिलिप असल्याचे मुद्दाम खोटे लिहून ठेवले. कॅनडात १९७९ मध्ये जन्मलेल्या 'ट्रिव्हियल परसूट' या प्रश्नांच्या खेळात ते नाव जसेच्या तसे आले. वर्थने १९८४ मध्ये दावा लावला आणि तो हरला, कारण तथ्यांवर कोणाची मालकी नसते, असे न्यायालयांचे म्हणणे पडले. आपल्या दृष्टीने बोध कायद्याचा नाही: लाखो लोकांपर्यंत पोहोचलेल्या खेळातही न तपासलेले उत्तर शिरू शकते.

प्राणी आणि खेळ यांसाठी मराठी विश्वकोश हा चांगला पहिला आधार आहे आणि तो आता घरबसल्या वाचता येतो. खेळांचे नियम त्या त्या संघटनेच्या नियमपुस्तिकेतून घ्यावेत. जुन्या मालिकांसाठी त्या काळातील वृत्तपत्रे आणि दिवाळी अंक पाहावेत. १८४० मध्ये स्थापन झालेले आपले सार्वजनिक वाचनालय शहरात असताना केवळ मोबाइलवर भिस्त ठेवण्याचे कारण नाही. एखादी गोष्ट दोन ठिकाणी जुळली नाही तर तो प्रश्न बाजूला ठेवावा, कितीही आवडता असला तरी.

सहावी पायरी: बैठक चालवताना

प्रत्येक बैठकीला एक पंच नेमावा आणि पुढच्या वेळी तो बदलावा. पंचही खेळतो, फक्त वाद झाला तर निर्णय त्याचा असतो. प्रश्नाला दोन बरोबर उत्तरे निघत असल्याचे पटले तर प्रश्न बाद करावा आणि कोणालाच गुण देऊ नयेत. प्राण्याचे स्थानिक नाव लिहिले असेल, उदाहरणार्थ बिबट्याला कोणी बिबळ्या किंवा वाघरू म्हटले असेल, तर कोणता प्राणी अभिप्रेत आहे हे एका वाक्यात विचारून उत्तर ग्राह्य धरावे.

उत्तर जाहीर करताना विचारणाऱ्याने त्यामागची हकीकत दोन वाक्यांत सांगावी. जिराफाचे मणके सात, एवढे सांगून पुढे जाऊ नये. तो प्रत्येक मणका किती लांब असतो तेही सांगावे. कोणाचे उत्तर अगदीच भलते आले तर हसण्याआधी त्याला ते का सुचले असे विचारावे, कारण पुष्कळदा त्यातून पुढच्या बैठकीचा प्रश्न मिळतो. फाळके, कुंभमेळा किंवा द्राक्षांवरचे प्रश्न नाशिकच्या गटात डोके वर काढणारच. त्यांच्यासाठी वेगळी संध्याकाळ ठेवावी, नेहमीच्या बैठकीत मात्र ठरलेले तीनच विषय.

सातवी पायरी: वही

गटाची एक सामाईक वही असावी आणि ती पाळीपाळीने एकेकाच्या घरी जावी. प्रश्न, उत्तर, आधार, तारीख आणि पाचांपैकी किती जणांना आले, एवढ्या पाच नोंदी पुरेत. तीन-चार बैठकांनंतर शेवटचा रकाना वरून खाली वाचला की गट कुठे कच्चा आहे आणि कोणत्या प्रकारचे प्रश्न वाया जात आहेत हे दिसते. बाद झालेले प्रश्नही खोडू नयेत. समासात बाद होण्याचे कारण लिहावे, शब्दरचना दुरुस्त करावी आणि काही महिन्यांनी तोच प्रश्न दुसऱ्या कोणी विचारावा.